मजकूर येत नाही, तो जाऊन आणावा लागतो

ऐरोलीहून एका मुलीचं सविस्तर पत्र आलंय. अप्लाइड आर्ट शिकलेली, तीन वर्षं एका एजन्सीत काढून गेल्या वर्षापासून स्वतंत्रपणे वेबसाइटची कामं घेते. सध्या हातात दोन कामं आहेत. पाचपाखाडीत कथक शिकवणाऱ्या एक बाई, आणि वाशीला घरून फराळ नि मसाले विकणाऱ्या एक काकू. दोन्ही साइटचं डिझाइन पास होऊन अडीच महिने झाले, पण मजकूर काही येत नाही. फोटो येतात ते व्हॉट्सअ‍ॅपवर, धुरकट. मधल्या काळात रंग मात्र चार वेळा बदलून झाले. अ‍ॅडव्हान्सच्या पुढे पैसे सरकलेले नाहीत. "ताई, माझं नेमकं कुठे चुकतंय? वर्डप्रेससारखी तयार प्रणाली सोडून स्वतः कोड लिहू का? आणि पैसे किती मागू?"

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही तुला 'तू'च म्हणते. नौपाड्यात माझं दोन टेबलांचं ऑफिस आहे आणि अठरा वर्षं मी हेच काम करते आहे: चित्रकार, नृत्यशिक्षक, फ्रेमवाले, केटरर, शिवणकाम करणाऱ्या बायका, एक-दोन डॉक्टर. तुझ्या पत्रातली अडचण मला नवी नाही, सुरुवातीची काही वर्षं माझ्याही टेबलावर अशी अर्धवट कामं पडून असायची.

तुझा क्रम चुकलाय. डिझाइन आधी पास करून घेतलंस आणि मजकूर नंतर मागितलास. एजन्सीत ते चालून जातं, कारण समोरच्या कंपनीत मार्केटिंगचा एक माणूस असतो आणि मजकूर पुरवणं हेच त्याच्या पगाराचं काम असतं. पाचपाखाडीच्या बाईंकडे असा माणूस नाही. त्या दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत ततकार, म्हणजे कथकचं पायांचं काम, घेतात. त्यांना तू "अबाउट अस साठी दोनशे शब्द पाठवा" असा निरोप टाकलास की तो त्यांच्यासाठी शाळेतला निबंध होतो. आज करू, उद्या करू, असं होत राहतं. त्यात त्यांची टाळाटाळ नाही. त्यांना स्वतःबद्दल बोलता येतं, उत्तम येतं, पण कोऱ्या कागदासमोर बसून लिहिता येत नाही. म्हणून मजकूर मागायचा नसतो. जाऊन आणायचा असतो.

मी पहिल्या भेटीला लॅपटॉप उघडतच नाही. त्यांच्या कामाच्या जागी जाते, वही काढते, विचारून फोनवर रेकॉर्डिंग सुरू करते. आणि पहिला प्रश्न ठरलेला: गेल्या आठवड्यात तुम्हाला कुणाकुणाचे फोन आले आणि त्यांनी काय विचारलं?

चरईतल्या एका काकूंचं काम मी असंच केलं. दिवाळीला महिनाभर होता. स्वयंपाकघरात मी स्टुलावर बसलेले, त्या चकल्या तळत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी तो स्पीकरवर टाकला. पलीकडून प्रश्न: चकली भाजणीची की तांदळाची? किती दिवस टिकते? हिरानंदानी इस्टेटला पोचवाल का? काकू झाऱ्याने चकली उलटत बोलत होत्या, "भाजणीचीच हो. डाळ-तांदूळ मी घरी भाजते, गिरणीतून समोर उभी राहून दळून आणते. डबा घट्ट लावलात तर पंधरा दिवस कुरकुरीत. अर्ध्या किलोत बावीस-तेवीस बसतात."

हे शेवटचं वाक्य मी त्यांच्या साइटवर चकलीच्या फोटोखाली जसंच्या तसं घेतलं. मी घरी बसून लिहिलं असतं तर 'पारंपरिक चवीचा अस्सल आस्वाद' असलं काहीतरी लिहिलं असतं, आणि ते प्रत्येक फराळवाल्याच्या पाकिटावर असतंच. गिऱ्हाइकाला हवी असते ती नगांची संख्या. पाहुणे किती येणार, पुडे किती घ्यायचे, हा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो. तो काकूंना माहीत होता, मला नव्हता.

त्या एका तासात साइटची पानंसुद्धा ठरतात. जे प्रश्न तीनदा येतात त्यांची उत्तरं पहिल्या स्क्रीनवर, जे एकदा येतात ती खाली कुठेतरी. तुझ्या कथकच्या बाईंना पालक काय विचारत असतील ते मी इथूनच सांगते: मुलगी किती वर्षांची हवी, शाळा सुटल्यावरची बॅच आहे का, फी महिन्याची की तिमाहीची, आणि परीक्षेला बसवता का. ही परीक्षा बहुतेक वेळा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची असते. मंडळाचं मुख्य कार्यालय तुझ्या वाशीतच आहे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची पायरी ठाण्यातल्या पालकांना नीट माहीत असते, पण ती साइटवर शोधायला गेलं की सापडत नाही. तिथे घुंगरांचा मोठा फोटो आणि 'नृत्य ही साधना आहे' एवढंच असतं. साधना आहे हे खरंच आहे, पण पालकाला आत्ता बुधवारी साडेपाचला जागा आहे का ते हवं आहे. बाईंच्या गुरूंचं नाव, घराणं, त्या स्वतः काय शिकल्या, हे सगळं यायलाच हवं. तेही त्यांच्या तोंडून घे. "गुरुजींनी पहिल्या दिवशी काय शिकवलं?" असं विचार आणि गप्प बस.

पत्त्याकडेही लक्ष दे. ठाण्यातला माणूस खुणेने पोचतो: नितीन कंपनीच्या आसपास, तीन पेट्रोल पंपाजवळ, अमुक शाळेच्या मागे. नवी मुंबईत खूण कितीही सांगितली तरी सेक्टर नंबराशिवाय रिक्षा हलत नाही. दोन्ही क्लायंटचा पत्ता एकाच साच्यात बसवू नकोस.

आता रंग चार वेळा का बदलले ते सांगते. तू त्यांना दाखवलंस त्यात खऱ्या मजकुराच्या जागी भरताड होतं. वाचण्यासारखं काही नसलं की माणूस दिसेल त्यावर बोलतो, आणि तुझ्या पानावर दिसत होता तो फक्त रंग. मी आता पहिल्यांदा दाखवते ते पांढऱ्यावर काळं, नुसता खरा मजकूर, तोही त्यांच्याच फोनवर. ना लोगो, ना रंग. त्यात त्या फीचा आकडा दुरुस्त करतात, बॅचची वेळ बदलतात, आणि "हे मी असं बोलले का?" म्हणून खूशही होतात. हे वाचून झालं, की डिझाइन दाखवताना चर्चा आपोआप आटोपशीर होते, कारण पान कशासाठी आहे ते दोघींनाही कळलेलं असतं.

"कसं वाटतंय?" हा प्रश्न मात्र कधीच विचारू नकोस. त्याचं उत्तर देण्यासाठी घरातला प्रत्येक जण पुढे येतो, पुण्याच्या भाच्यासकट. त्याऐवजी नेमकं विचार: नवीन पालक हे वाचून फोन करेल का? काही चुकीचं लिहिलंय का? कुठली गोष्ट राहिली? आणि शेवटचा शब्द कुणाचा, त्या एका माणसाचं नाव कामाच्या आधीच लिहून घे. बदलांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीचे सगळे बदल एकाच निरोपात. तिसऱ्या फेरीचे पैसे वेगळे. हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर कुणालाही राग येत नाही. अडीच महिन्यांनी सांगितलं तर येतो.

फोटो. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करतं, म्हणून ते धुरकट. वाशीच्या काकूंना सांग, तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल येते. त्याहून बरं म्हणजे तूच जा. सकाळी खिडकीजवळ स्टीलचं ताट, एक पांढरा पंचा, ट्यूबलाइट बंद. फोनवर काढलास तरी पुरतं. साइटवर चढवताना मात्र मूळ चार-पाच एमबीची फाइल तशीच टाकू नकोस. सोळाशे पिक्सेल रुंदी, वेबपी फॉरमॅट, म्हणजे फोटो दोनशे केबीच्या आसपास येतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. आणि हे विसरू नकोस: फोनच्या फोटोत जागेचं लोकेशन दडलेलं असू शकतं. काकू घरून व्यवसाय करतात, घरात बहुतेक वेळा एकट्या असतात. ती माहिती काढूनच फोटो चढव.

कथकच्या फोटोंना दोन पथ्यं आहेत. मुलींचे चेहरे दिसत असतील तर पालकांची लेखी परवानगी हवीच. बाई म्हणतील "सगळे ओळखीचेच आहेत", तरीही हवी. दुसरं, गडकरी रंगायतनमधल्या कार्यक्रमाचे ते सुंदर फोटो कुणी काढले ते विचार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाईंनी पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल, तर वेगळा करार नसताना त्या फोटोंचा हक्क बाईंचा. पण कुणी आपल्या हौसेने काढून पाठवले असतील, तर हक्क काढणाऱ्याचा. एक फोन करायचा, परवानगी मागायची, फोटोखाली नाव द्यायचं. फोटोग्राफरलाही बरं वाटतं.

आता ज्या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो. तुझ्या दोन्ही साइट मराठीत आहेत असं तू लिहिलंस, आणि सोबत स्क्रीनशॉट पाठवलेस. डिझाइन चांगलं आहे. पण शीर्षकातली शिरोरेषा तुटली आहे. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या तयार साच्यात, मोठ्या अक्षरांना थोडं अंतर दिलेलं असतं, ते तू तसंच राहू दिलंस. रोमन अक्षरं सुटी असतात, अंतर दिलं की ऐटदार दिसतात. देवनागरीत अक्षरं रेषेला लटकलेली असतात, अंतर दिलं की प्रत्येक अक्षर वेगळं पडतं आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. 'कथक' हा शब्द तुझ्या पानावर क, थ, क असा तीन तुकड्यांत आहे. ते अंतर शून्य कर.

त्याच शीर्षकात 'नृत्यवर्गांची' मधला रफार आणि वेलांटी वरच्या ओळीला घासते आहे. टेम्प्लेटची ओळींची उंची इंग्रजीसाठी आवळलेली असते. मराठीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय असतो, म्हणून श्वास घ्यायला जागा लागते. शीर्षकाला अक्षराच्या आकाराच्या दीडपट, परिच्छेदाला पावणेदोनपट, इथून सुरुवात करून डोळ्याने ठरव. तिरकी अक्षरं बंद कर. देवनागरी फॉन्टमध्ये बहुधा तिरकं वळण नसतंच, ब्राउझर सरळ अक्षरच ओढून वाकडं करतो.

पानाच्या कोडमध्ये भाषा 'मराठी' म्हणून नोंदव. टेम्प्लेटमध्ये ती इंग्रजी असते आणि कुणी बदलत नाही. त्याने दोन गोष्टी बिघडतात. अंध व्यक्तीचा फोन पान वाचून दाखवतो तेव्हा कोणत्या भाषेत वाचायचं ते त्याला कळत नाही. आणि मराठीतला 'ल' नि 'श' हिंदीत छापतात त्याहून वेगळ्या वळणाचे असतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात, पण भाषेची नोंद असेल तरच मराठी वळण दिसतं. आपल्या आज्यांनी पाटीवर गिरवलेला 'ल' कोणता, ते तुला ठाऊक आहे. तो पडद्यावर आला की पान आपलं वाटतं, वाचणाऱ्याला त्याचं कारण सांगता येत नसलं तरी.

एका केटररच्या साइटवर माझ्याकडून चूक झाली होती. मजकूर 'आमच्या आचाऱ्यांना तीस वर्षांचा अनुभव' असा होता. कुठल्याशा टूलमधून कॉपी होताना मधलं अदृश्य चिन्ह गळलं आणि पानावर आलं 'आमच्या आचार्यांना'. स्वयंपाक्यांचे एकदम पंडित झाले. केटररच्या वडिलांनी ते पाहिलं. ते मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी फोन करून मला शांतपणे समजावलं, आणि तेव्हापासून 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेला प्रत्येक शब्द मी लाइव्ह झालेल्या पानावर, फोनवर, एकेक करून तपासते. दऱ्या, सुऱ्या, वऱ्हाड, बिऱ्हाड, तऱ्हा. नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, 'ऱ' मुळातच टाइप केला तर हा घोटाळा होत नाही.

क्लायंट कधी कधी जुनं माहितीपत्रक देतात. प्रेसमध्ये ते युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये बसवलेलं असतं. कॉपी करून पेस्ट केलंस तर रोमन चिन्हांचा ढिगारा येतो. कन्व्हर्टर मिळतात, पण ते जोडाक्षरांत चुका करतात. दोन पानांचा मजकूर असेल तर सरळ पुन्हा टाइप कर, तपासण्यापेक्षा लवकर होतं.

फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू, गूगलचा नोटो, पुस्तकी वळणाचा तिरो देवनागरी मराठी, हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत. कथकला मी तिरोची शीर्षकं आणि मुक्ताचा मजकूर घेईन. फराळाला बालू शोभेल, त्याची गोलाई खाऊच्या डब्यावर छान दिसते. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइल इंग्रजीपेक्षा जड असते, म्हणून दोनच जाड्या घे, पाच नाही.

पण सगळंच मराठीत ठेवू नकोस. चकली शोधणारा मराठी माणूससुद्धा फोनवर बहुतेक वेळा रोमन लिपीत टाइप करतो. पानाच्या शीर्षकात आणि वर्णनात नाव, वस्तू आणि गाव इंग्रजीतही असू दे. फोन नंबर इंग्रजी आकड्यांत आणि दाबला की लागेल असा. व्हॉट्सअ‍ॅपची लिंक करताना नंबराच्या आधी ९१ लाव, अधिकचं चिन्ह आणि शून्य काढून टाक, आणि निरोप आधीच भरून ठेव: 'नमस्कार काकू, मला फराळाची ऑर्डर द्यायची आहे.' कोऱ्या चौकटीपेक्षा हे खूप सोपं जातं. सुरुवातीला साइटवरच पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेच्या मागे लागू नकोस. त्यासाठी केवायसी लागतं, शिवाय साइटवर अटी, गोपनीयता, पैसे परत करण्याचं धोरण ही पानं लागतात. काकूंचं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून यूपीआय करतं, ते तसंच चालू दे. मात्र एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, १४ आकडी नंबर साइटच्या तळाशी यायला हवा. तो नसेल तर आधी ते काम, मग साइट.

आणि चौकशीच्या फॉर्ममध्ये नाव, फोन, काय हवं, एवढंच विचार. मुलीची जन्मतारीख आणि शाळेचं नाव कशाला हवं? २०२३ साली व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, त्यात लहान मुलांच्या माहितीबद्दल जास्त काळजी अपेक्षित आहे. जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळावी लागत नाही.

आता चाव्यांबद्दल. राम मारुती रोडजवळ चित्रांच्या फ्रेमा करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. आधीच्या डिझायनरने त्यांचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. वाईट हेतूने नव्हे, 'तुम्हाला कशाला त्रास' म्हणून. पुढे त्याने व्यवसाय बदलला, नंबर बदलला. नूतनीकरणाची मेल कुणी वाचली नाही. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत असते, मग जास्त दंड भरून सोडवून घेता येतं, आणि तेही टळलं की नाव बाजारात मोकळं. यांच्या कानावर येईपर्यंत ते दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं. दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर, प्रत्येक फ्रेमच्या मागच्या स्टिकरवर तोच पत्ता. लोकांच्या घरी भिंतींवर लागलेल्या फ्रेमांमागचे स्टिकर तर बदलता येत नाहीत. माझ्यासमोर ते बराच वेळ एक जुनं स्टिकर बोटाने खरवडत बसले होते.

त्यामुळे डोमेन मी घेत नाही. क्लायंटच्या टेबलावर बसून, त्यांच्या ईमेलने, त्यांच्या कार्डाने, ओटीपी त्यांच्या फोनवर, अशीच नोंदणी होते. तीन वर्षांची एकदम करून टाक. होस्टिंगचंही, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेचंही, तसंच. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात, आणि पाकीट गुमास्ता लायसन्सच्या फाइलमध्ये. डोमेन .इन किंवा .कॉम घे. .भारत २०१४ पासून मिळतं आणि मला ते मनापासून आवडतं, पण ईमेलसाठी आणि ठिकठिकाणच्या फॉर्ममध्ये ते अजून अडतं, म्हणून जोडीला असू दे, मुख्य नको.

गूगलवरचं व्यवसायाचं पानही त्यांच्याच खात्यात उघड आणि स्वतःला मॅनेजर म्हणून जोडून घे. हे पान फुकट असतं, आणि 'जवळचा कथक क्लास' शोधणाऱ्याला आधी तेच दिसतं, साइट नंतर. म्हणून साइट व्हायच्या आधी ते भरून टाक. पूर्वी त्याच पानावरून गूगल एक छोटी फुकट वेबसाइटही बनवून द्यायचं. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. ज्यांनी तो पत्ता पिशव्यांवर छापला होता त्यांना पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेलं दुकान कधी उचलावं लागेल सांगता येत नाही, आणि इन्स्टाग्रामलाही हेच लागू आहे.

वर्डप्रेस की कोड, हे मी थोडक्यात संपवते. लाइव्ह झाल्यावर बदल कोण करणार, एवढ्यावर ते ठरतं. काकूंचे भाव दर दिवाळीला बदलतात, श्रावणात पुरणपोळी येते, उन्हाळ्यात कुरडया-पापड. त्या स्वतः बदलू शकल्या पाहिजेत, म्हणून त्यांना वर्डप्रेस, कमीत कमी प्लगइनचं (वरून जोडायच्या तयार सोयींचं), आणि अपडेटची जबाबदारी कुणाची ते लिहून. बाईंच्या बॅचेस वर्षातून एक-दोनदा बदलतात. त्यांना पाच पानांची साधी, हाताने लिहिलेली साइट पुरे. ती झटकन उघडते आणि तिच्यात मोडण्यासारखं काही नसतं. बदल तू करून द्यायचा, वर्षाच्या ठरलेल्या पैशांत. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गूगलचं माप आहे. ते तू तुझ्या लॅपटॉपवर वायफायवर मोजू नकोस. ऐरोलीहून ठाण्याला येताना ट्रान्स हार्बरच्या गर्दीच्या गाडीत, घरातल्या सगळ्यात जुन्या अँड्रॉइडवर उघडून बघ.

पैसे. आकडा मी सांगणार नाही, कारण माझा खर्च आणि तुझा खर्च वेगळा. पद्धत सांगते. महिन्याचा घरखर्च, लॅपटॉपचा हप्ता, थोडी शिल्लक, याची बेरीज कर आणि तिला बाराने भाग. वीस-बावीसने नको, कारण भेटी, फोन, कोटेशन यांत महिन्याचे उरलेले दिवस जातात. हा तुझा दिवसाचा दर. मग कामाचे दिवस मोज: मजकूर आणणं-लिहिणं दोन, फोटो एक, डिझाइन चार, बांधणी चार, तपासणी एक, क्लायंटला साइट वापरायला शिकवणं अर्धा. साडेबारा दिवस. मजकुराचे दिवस कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखव, म्हणजे ते काम आहे हे क्लायंटलाही दिसतं. क्लायंट म्हणाला मी स्वतः लिहीन, तर ती ओळ कमी कर आणि मजकूर हातात आल्यावरच तारीख दे.

हप्ते चाळीस, चाळीस, वीस. चाळीस सुरुवातीला, चाळीस डिझाइन मान्य झाल्यावर, वीस लाइव्ह करण्याआधी. एकही हप्ता 'मजकूर मिळाल्यावर' असा बांधू नकोस. तुझे पैसे तिथेच अडकले आहेत. सगळं एका पानावर मराठीत लिहून दोघांच्या सह्या. त्यात काम पूर्ण आणि पैसे पूर्ण झाल्यावर डिझाइनचे हक्क क्लायंटला, हेही लिही. हक्काचं हस्तांतरण लेखी असावं लागतं, आणि मुदत व प्रदेश लिहिला नाही तर कायदा ते पाच वर्षांपुरतं आणि भारतापुरतं धरतो. जीएसटीची नोंदणी सेवेची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेल्यावर लागते, तोवर साधं बिल चालतं, पण नंबर घातलेलं बिल दे.

या आठवड्यात करायचं ते एवढंच. बाईंना फोन कर, म्हणावं रंग आता ठरला, मी शनिवारी तीनला येते, क्लास सुरू व्हायच्या आधी मला तुमचा एक तास हवाय. लिहून काही ठेवू नका. सोमवारी त्यांना नुसता मजकूर फोनवर पाठव आणि सोबत दुसऱ्या हप्त्याचं बिल, कारण डिझाइन केव्हाच मान्य झालंय आणि ते पैसे तुझे आहेत.

काकूंकडे सकाळी दहाच्या सुमाराला जा, तेव्हा ऑर्डरचे फोन येतात. ओट्याजवळ बस, कामात अडथळा येणार नाही अशी. आणि फोन वाजला की त्या म्हणतील "थांब, नंतर घेते", तर घेऊ दे म्हणावं, तिथेच, स्पीकरवर.